स्वखर्चाने एअरलाइन पायलट व्हायचंय? मग पैसे कुठल्या क्रमाने भरायचे ते आधी पाहा

टाइप रेटिंग, म्हणजे एका विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याची परवान्यावरची नोंद, पूर्ण झाल्यावर पहिली नोकरी मिळायला मला एकोणीस महिने लागले. मधल्या काळात रेटिंगची मुदत संपली. ती पुन्हा चालू करून घ्यायला सिम्युलेटरचे पैसे नव्याने भरले. आणि अखेर ज्या कंपनीने मला घेतलं, तिच्या ताफ्यात त्या प्रकारचं विमानच नव्हतं. तिने दुसऱ्या विमानाचं प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने दिलं आणि त्या बदल्यात तीन वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेतला. सगळ्यात महागडा जो कागद मी विकत घेतला होता, त्याचा नोकरी मिळवायला काडीचाही उपयोग झाला नाही.

अभ्यास मी नीट केला होता, उड्डाणाच्या परीक्षाही पहिल्या फटक्यात सुटल्या होत्या. चुकला तो पैसे भरण्याचा क्रम. या वाटेला नव्याने लागलेली मुलं-मुली मला भेटतात तेव्हा विमानांबद्दल विचारतात, शाळांबद्दल विचारतात, मुलाखतीबद्दल तर हमखास विचारतात. कुठला पैसा कधी द्यायचा, हे विचारणारं क्वचितच कुणी भेटतं. म्हणून हा लेख.

एकेकाळी बऱ्याच एअरलाइन्स होतकरू उमेदवार निवडून त्यांना स्वतःच्या खर्चाने घडवत. अशा योजना आजही आहेत, पण थोड्या. बाकी ठिकाणी हा भार उमेदवाराच्या खिशावर आला आहे. त्याचे ढोबळमानाने चार भाग पडतात: परवाना, टाइप रेटिंग, काही ठिकाणी लाइन ट्रेनिंग (प्रवाशांसह उडताना होणारं प्रशिक्षण), आणि नोकरी लागेपर्यंत हे सगळं चालू स्थितीत ठेवण्याचा खर्च. हा चौथा भाग बहुतेकांच्या हिशोबात नसतोच. रकमा मी लिहीत नाही, कारण देश बदलला किंवा वर्ष बदललं की त्या बदलतात. क्रम मात्र कुठेही गेलात तरी हाच राहील.

१. पहिला पैसा मेडिकलवर घाला

फ्लाइंग स्कूलचा अर्ज भरायच्या आधी क्लास वन मेडिकल, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. व्यावसायिक परवान्याला बहुतेक देशांत हेच लागतं. बऱ्याच शाळा क्लास टूवर प्रवेश देतात, कारण विद्यार्थी म्हणून उडायला तेवढं पुरतं. तुम्ही शिकायला लागता, तास भरतात, पैसे जातात, आणि क्लास वनला काही निघालं तर तोवर बराच उशीर झालेला असतो.

माझ्या मेडिकलच्या दिवशी माझ्या आधी एक मुलगा आत गेला होता. रंगदृष्टीच्या तपासणीत ठिपक्यांची पुस्तिका समोर धरतात, एकेक पान उलटतात, आणि ठिपक्यांत दडलेला आकडा तुम्ही लगेच सांगायचा असतो. तो बाहेर आला आणि कुणाशी न बोलता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची तीस तासांची उड्डाणं झाली होती. त्या तीस तासांचे पैसे त्याच्या घरच्यांनी कसे उभे केले होते ते त्याने नंतर सांगितलं. तपासणी मात्र दहा मिनिटांची होती आणि सहा महिने आधीही होऊ शकली असती.

चष्म्याबद्दल फार गैरसमज आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना म्हणजे आयकाओ. तिच्या निकषांनुसार क्लास वनला प्रत्येक डोळ्याची दूरची दृष्टी किमान ६/९ आणि दोन्ही डोळ्यांची मिळून ६/६ लागते, पण ती चष्म्यासह चालते. चष्मा असेल तर उडताना दुसरा जोड जवळ ठेवावा लागतो, इतकंच. ठिपक्यांच्या तपासणीत अडकलात तरी तिथेच सगळं संपत नाही. कंदिलाच्या किंवा संगणकावरच्या पुढच्या चाचण्या अनेक देशांत मान्य आहेत. त्या देऊन निकाल लेखी घ्या आणि मगच पुढचं ठरवा.

जुनं आजारपण, शस्त्रक्रिया किंवा चालू असलेली औषधं लपवू नका. लपवलेली गोष्ट पुढे उघडकीला आली तर मेडिकलबरोबर परवानाही जातो. सांगितलेल्या गोष्टीवर मात्र बहुतेक वेळा जादा तपासण्या करून मार्ग निघतो.

२. नोकरी कुठे करणार ते ठरवा, मग परवाना निवडा

१९४४ च्या शिकागो करारातून आयकाओ उभी राहिली. परवान्यांचे किमान निकष या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत आणि जवळजवळ सगळे देश आपले नियम त्यावरच बेततात. व्यावसायिक परवान्यासाठी वय १८ पूर्ण आणि एकूण २०० तास, मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमातून गेलात तर १५०. त्यातले पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असताना, १०० तास, सलग अभ्यासक्रमात ७०. शिवाय एक ५४० किलोमीटरचा प्रवास, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. पुढे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्याला वय २१ आणि १५०० तास.

निकष सारखे आहेत म्हणून परवानाही कुठेही चालेल असं समजू नका. एका देशाचा परवाना दुसऱ्या देशात सहसा आपोआप लागू होत नाही. तिथले लेखी पेपर, उड्डाण परीक्षा, मेडिकल, परवाना दिलेल्या देशाकडून पडताळणीचं पत्र, असं सगळं पुन्हा करावं लागतं. युरोपीय पद्धतीत एअरलाइन परवान्याच्या लेखी परीक्षेला १३ विषय आहेत आणि प्रत्येकात किमान ७५ टक्के लागतात. परदेशात तास स्वस्तात भरून आलेल्या अनेकांचा वाचलेला पैसा या बदलीच्या वाटेवर खर्च होतो. शिवाय वर्ष जातं ते वेगळंच.

अमेरिकेचा नियम आणखी वेगळा. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं आणि ५० जणांचा जीव गेला. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून तिथे प्रवासी एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरलाही (सहवैमानिकालाही) साधारणपणे १५०० तासांची अट लागू झाली. लष्करी वैमानिकांना आणि ठरावीक पदवीधरांना त्यात सवलत आहे. त्या अपघातातल्या दोन्ही वैमानिकांकडे १५०० हून जास्त तास होते, त्यामुळे या अटीवर तिथे अजूनही वाद चालतो. तुमच्यासाठी अर्थ एवढाच, की तिथे दोनशे तासांवर थेट जेटमध्ये बसता येत नाही. आधी प्रशिक्षक म्हणून किंवा छोट्या विमानांवर हजारभर तास काढावे लागतात.

म्हणून एका कागदावर लिहून काढा: मला कायद्याने कुठल्या देशात काम करता येतं? तिथल्या कुठल्या एअरलाइन्स कमी तासांचे उमेदवार घेतात? त्या कुठल्या देशाचा परवाना मागतात? ही तीन उत्तरं मिळेपर्यंत कुठल्याही शाळेला पैसे देऊ नका.

३. शाळेचा दर कसा वाचायचा

शाळेच्या पत्रकात ताशी दर असतो. तो तास कोण मोजतं, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक प्रशिक्षण विमानांत हॉब्स मीटर नावाचं छोटं घड्याळ असतं. इंजिन सुरू झालं की ते चालू होतं आणि बंद झालं की थांबतं. त्याचा शेवटचा आकडा तासाच्या दहाव्या भागाचा, म्हणजे सहा मिनिटांचा. विमानतळ गजबजलेला असेल तर धावपट्टीच्या तोंडाशी, पुढच्या विमानांच्या मागे, तुम्ही इंजिन चालू ठेवून उभे असता आणि तो आकडा सरकत राहतो. माझ्या वहीत एका सकाळची नोंद आहे: हॉब्सवर १.४ तास, प्रत्यक्ष हवेत ०.९. अर्धा तास मी जमिनीवर उभं राहण्याचे पैसे दिले. तो वेळ लॉगबुकात, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीत, चढतो हे खरं, पण हात बसायला लागणारी उतरणी त्यात होत नाहीत. शांत विमानतळावरची शाळा पत्रकात महाग दिसली तरी शेवटी स्वस्त पडू शकते, ती यामुळे.

दरात काय धरलंय ते एकेक करून विचारा: इंधन, इंधनाचा वाढीव अधिभार, प्रशिक्षकाचं मानधन, उतरण्याचं शुल्क, परीक्षकाची फी, परीक्षा नापास झाल्यास फेरपरीक्षेचं विमानभाडं. आणि पत्रकात दिलेला खर्च किमान तासांवर काढलेला असतो हे ध्यानात ठेवा. किमान तासांत सगळं पूर्ण होणारे फार थोडे. सरासरी विद्यार्थ्याला किती तास लागतात ते शाळेच्या मालकाला विचारू नका. कॅंटीनमध्ये बसलेल्या शेवटच्या टप्प्यातल्या विद्यार्थ्यांना विचारा.

शाळा पाहायला स्वतः जा, आणि कामाच्या दिवशी जा. हँगरमध्ये उभी विमानं मोजा, मग त्यातली त्या दिवशी उडालेली मोजा. वीस विमानांच्या शाळेत सहाच उडत असतील तर तुमचा एक वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा होणार. राहण्या-जेवणाचा खर्च आणि कर्जाचं व्याज दोन्ही वर्षं चालू राहणार.

४. एकरकमी पैसे कधीच भरू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. पूर्ण फी आगाऊ भरल्यास सवलत, असं आमिष बहुतेक शाळा दाखवतात. फ्लाइंग स्कूल बुडाल्याची उदाहरणं अनेक देशांत आहेत. शाळा बुडाली की विद्यार्थी साधे येणेकरी ठरतात. बँका आणि विमानांचे मालक आधी वसुली करतात, विद्यार्थ्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

पैसे टप्प्याने द्या. दहा-पंधरा तासांचे भरा, ते उडा, पुढचे भरा. शाळा तयार नसेल तर निदान टप्पे करारात लिहून घ्या: लेखी परीक्षा, पहिलं एकट्याने उड्डाण, व्यावसायिक परीक्षा, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न पाहता नुसत्या उपकरणांवर उडण्याची पात्रता). प्रत्येक टप्प्याला सोडून गेल्यास किती परतावा आणि किती दिवसांत, हेही करारात हवं. रोख रक्कम कुणाच्याही हातात देऊ नका. बँकेतून द्या आणि संस्थेच्या नावाची पावती घ्या. एजंटच्या वैयक्तिक खात्यात पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

सलग अभ्यासक्रम घ्यायचा की तुकड्या-तुकड्याने शिकायचं, हा वाद जुना आहे. माझं मत तुकड्यांच्या बाजूने. आधी खासगी परवाना, मग नोकरी सांभाळत तास, मग व्यावसायिक परवाना, बहुइंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक पायरीवर थांबून विचार करता येतो. काही एअरलाइन्स सलग अभ्यासक्रमवाल्यांना पसंती देतात, तेव्हा दुसऱ्या पायरीतली तुमची यादी इथे पुन्हा काढून पाहा.

५. कर्ज

थोडक्यात सांगते. हप्ता कधी सुरू होतो ते पाहा: अभ्यासक्रम संपल्यावर की ठरावीक महिन्यांनी. शाळा लांबली तर दुसऱ्या प्रकारात शिकत असतानाच हप्ते लागतात. शिकतानाचं व्याज मुद्दलात चढतं का ते विचारा. घरच्यांचं राहतं घर तारण ठेवायची वेळ येत असेल तर थोडं थांबा, वर्षभर कमवा, रक्कम कमी करा. आणि मेडिकल कायमचं गेल्यास भरपाई देणारा परवाना गमावण्याचा विमा मिळतो. कर्ज घेतलंत तर तो घ्याच. मात्र तो विद्यार्थीदशेत लागू होतो की नोकरी लागल्यावरच, हे पॉलिसीत वाचून घ्या.

६. लॉगबुक स्वतः लिहा

शाळेचा कारकून महिन्याअखेरीस एकदम नोंदी करून देतो, त्याच्या भरवशावर राहू नका. उड्डाण झालं की त्याच दिवशी नोंद, विमानाच्या नोंदवहीशी ताळा, प्रशिक्षकाची सही. मुलाखतीत माझं लॉगबुक उलटणाऱ्या कॅप्टनने मधलंच एक पान उघडून विचारलं होतं, "या दिवशी हवामान कसं होतं?" मी शेऱ्याच्या रकान्यात ढगांची उंची लिहिली होती म्हणून सांगता आलं.

तास विकत देणारे लोक भेटतात. न उडलेले तास, सही-शिक्क्यासह. त्यांच्यापासून लांब राहा. विमानाच्या देखभालीच्या नोंदींशी ताळा घातला की हे उघडं पडतं आणि परवाना जातो. आणि त्या न उडलेल्या तासांच्या सरावाची ज्या दिवशी खरोखर गरज पडेल, त्या दिवशी मागे प्रवासी बसलेले असतील.

७. टाइप रेटिंग: इथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो

व्यावसायिक परवाना, बहुइंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग हातात असलं तरी एअरलाइनचं जेट उडवता येत नाही. त्या विशिष्ट प्रकारच्या विमानाचं वेगळं रेटिंग लागतं. एअरबस ए३२० चं रेटिंग घेतलं की ए३१८ पासून ए३२१ पर्यंतचं कुटुंब त्यात येतं. बोइंग ७३७ चं वेगळं, एटीआर या पंख्याच्या विमानाचं वेगळं.

आत काय असतं ते सांगते, म्हणजे पॅकेज वाचताना गोंधळ होणार नाही. आधी विमानाच्या यंत्रणांचा वर्ग, बराचसा संगणकावर. मग न हलणाऱ्या कॉकपिटमध्ये कार्यपद्धतींचा सराव. मग पूर्ण हलणारा सिम्युलेटर. एक सत्र साधारण चार तासांचं, दोन उमेदवारांत वाटलेलं: दोन तास तुम्ही उडवता, दोन तास सहकाऱ्याला साथ देता. माझी बहुतेक सत्रं रात्री दोन ते सहा होती, कारण चांगल्या वेळा एअरलाइन्स आधीच घेऊन ठेवतात. पहाटे चारला एक इंजिन बंद पडलेलं विमान सरळ ठेवताना डाव्या पायाची पोटरी थरथरायला लागायची. मग परीक्षा. आणि शेवटी बेस ट्रेनिंग, म्हणजे प्रवासी नसलेलं खरं विमान घेऊन उड्डाण आणि उतरणं, नवख्यांना बहुधा सहा वेळा.

पहिला सापळा याच बेस ट्रेनिंगमध्ये आहे. कित्येक पॅकेजेसमध्ये बेस ट्रेनिंग धरलेलंच नसतं. खऱ्या मोठ्या विमानाचं भाडं आणि इंधन असल्यामुळे ते महाग पडतं आणि विमान मिळेपर्यंत महिनोन्महिने थांबावं लागतं. सिम्युलेटरवरच सगळं भागवण्याची सवलत आधीच अनुभव असलेल्यांसाठी असते. दोनशे तासांच्या उमेदवाराला बेस ट्रेनिंगशिवाय परवान्यावर रेटिंगची नोंद सहसा मिळत नाही. तेव्हा "बेस ट्रेनिंग कधी, कुठल्या विमानावर आणि कुणाच्या खर्चाने" हे लेखी घ्या.

दुसरा सापळा जाहिरातींत असतो. एअरलाइनची जाहिरात म्हणते, रेटिंग असलेले फर्स्ट ऑफिसर हवेत. खाली बारीक अक्षरांत त्या विमानावरचे ५०० तास मागितलेले असतात. रेटिंग आहे पण विमानावर शून्य तास, असा उमेदवार त्यांना नको असतो. माझी फसगत नेमकी इथे झाली. एका सल्लागाराने मला दहा जाहिराती दाखवल्या, दहाही खऱ्या होत्या. एकाही जाहिरातीची शेवटची ओळ मी वाचली नव्हती.

तिसरा, मुदतीचा. युरोपीय नियमांत टाइप रेटिंग एक वर्ष चालतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंगही एक वर्ष. नोकरी नसेल तर दर वर्षी सिम्युलेटर भाड्याने घेऊन परीक्षा द्यायची, स्वतःच्या पैशाने. शिवाय प्रवासी नेण्यासाठी मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झालेली हवीत, असा नियम सर्रास असतो.

मग रेटिंग कधी घ्यावं? हातात एअरलाइनचं लेखी पत्र असेल, त्यात विमानाचा प्रकार, रुजू होण्याचा अंदाजे काळ आणि कुठल्या प्रशिक्षण संस्थेचं रेटिंग चालेल हे नमूद असेल, तेव्हाच. काही एअरलाइन्स आपल्याच संस्थेत केलेलं रेटिंग मानतात. "आमचं त्यांच्याशी बोलणं झालंय" या वाक्यावर पैसे भरू नका. पत्र मागा आणि ते खरं आहे का, हे एअरलाइनच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः लिहून विचारा.

पत्र नसताना तो पैसा कुठे लावावा, असंही विचारलं जातं. मी दोन गोष्टी सांगते. एक, दोन वैमानिकांनी मिळून काम करण्याचा एमसीसी अभ्यासक्रम. पहिल्या जेट रेटिंगच्या आधी अनेक नियमावलींत तो सक्तीचा आहेच. दुसरं, प्रशिक्षक रेटिंग. त्यावर तुम्ही कमवता, तास वाढतात, आणि समोरच्याला वळण शिकवताना स्वतःला कळतं ते आधी कधी कळलेलं नसतं.

बॅचमधला सहकारी कोण आहे तेही विचारून ठेवा. सिम्युलेटरमध्ये तुमचं अर्धं शिक्षण त्याच्या तयारीवर चालतं. तयारी न करता येणारा सहकारी मिळाला तर जादा सत्रांचं बिल तुम्हालाही येऊ शकतं.

८. पैसे देऊन प्रवासी विमान उडवायचं का?

रेटिंगनंतर नवखा वैमानिक लाइन ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रवाशांसह, प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून. ही एअरलाइनची गरज आहे आणि त्या काळात पगार मिळायला हवा. काही ठिकाणी मात्र उलटं चालतं. तीनशे किंवा पाचशे तासांचं पॅकेज विकत घ्यायचं आणि उजव्या, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या, खुर्चीत बसून काम करायचं. युरोपातल्या वैमानिकांची संघटना, युरोपियन कॉकपिट असोसिएशन, याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवते आहे.

माझा सल्ला स्पष्ट आहे: करू नका. तुमचे तास संपले की त्या खुर्चीसाठी पुढचा पैसे भरणारा तयार असतो, त्यामुळे कंपनीला तुम्हाला कायम करण्याचं काही कारण उरत नाही. याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्या खुर्चीसाठी तुम्ही कर्ज काढलंय, त्या खुर्चीतून "मी आज थकलोय, उडणार नाही" किंवा "कॅप्टन, हे ॲप्रोच स्थिर नाही, गो अराउंड" (म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला) म्हणणं जड जातं. फर्स्ट ऑफिसरचं अर्धं काम तर हे बोलणंच आहे.

तासांशिवाय कुणी घेत नाही आणि नोकरीशिवाय तास मिळत नाहीत, या कोंडीत सापडलेल्याला हे पॅकेज सुटकेसारखं दिसतं, हे मला माहीत आहे. मीही त्याचं पत्रक दोन आठवडे उशाशी ठेवलं होतं. त्याऐवजी मालवाहू कंपन्या, सर्वेक्षणाची उड्डाणं, छोटी टर्बोप्रॉप (पंख्याची) विमानं इथे अर्ज करा. पगार कमी असेल, पण पैसा तुमच्याकडे येईल.

९. बाँडवर सही करण्यापूर्वी

एअरलाइनने प्रशिक्षण दिलं तर ती काही वर्षांचा बाँड मागणार, आणि ते रास्त आहे. माझ्या मते स्वखर्चाच्या रेटिंगपेक्षा बाँड केव्हाही बरा. फक्त कलमं नीट वाचा:

- बाँडची रक्कम दर महिन्याला घटते का? शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहत असेल तर आक्षेप घ्या.
- रकमेत काय धरलंय? प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा खर्चच असावा.
- कंपनीने कमी केलं, कंपनी बंद पडली किंवा मेडिकल गेलं तर देणं माफ होतं का?
- बाँडची मुदत प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून मोजणार की लाइन ट्रेनिंगची शेवटची परीक्षा, लाइन चेक, पास झाल्यावर?
- वर्षभरानंतर होणाऱ्या पुढच्या प्रशिक्षणांनी बाँड पुन्हा लांबतो का?

रकमा न भरलेले धनादेश देऊ नका. मूळ परवाना, मूळ लॉगबुक, मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा आणि तिथल्या तिथे परत घ्या. शंका असेल तर कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला एका बैठकीची फी द्या. या सगळ्या प्रवासात इतका स्वस्त आणि इतका उपयोगी खर्च दुसरा नाही.

१०. थांबायचा काळ हिशोबात धरा

या धंद्यात भरती लाटांसारखी येते. २००१ च्या सप्टेंबरमधल्या अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर, २००८ च्या मंदीत आणि २०२० च्या साथीत ती जगभर आटली. मार्च २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्सवर उड्डाणबंदी आली आणि अमेरिकेत त्याला पुन्हा परवानगी मिळायला नोव्हेंबर २०२० उजाडला. तुमची मेहनत कितीही असो, परवाना हातात येईल त्या वर्षी लाट कुठे असेल हे तुमच्या हातात नाही.

म्हणून एकूण पैशातला एक हिस्सा सुरुवातीलाच वेगळा काढा. निदान अठरा महिने पुरेल इतका: वर्षाला एक मेडिकल, एक इन्स्ट्रुमेंट परीक्षा, महिन्याला एखादं उड्डाण, आणि मुलाखतीआधी सिम्युलेटरची दोन-तीन सत्रं. हा पैसा टाइप रेटिंगच्या मोहात मोडू नका. एअरलाइनच्या सिम्युलेटर चाचणीत ऑटोपायलट नसताना, नुसत्या मूळ उपकरणांवर तुम्ही उंची, वेग आणि दिशा धरता का ते पाहतात. सहा महिने न उडलेला हात पहिल्या दोन मिनिटांत कळतो.

जवळ ठेवायची फाइल

- पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेच्या गुणपत्रिका. गणित आणि भौतिकशास्त्राची अट असेल तर त्या विषयांच्या स्वतंत्र प्रती
- क्लास वन मेडिकल आणि आधीच्या सगळ्या तपासण्यांचे अहवाल
- परवाना, सगळी रेटिंग्ज आणि परवाना देणाऱ्या प्राधिकरणाचं पडताळणीचं पत्र
- रेडिओ परवाना आणि इंग्रजी भाषेचं प्रमाणपत्र. आयकाओच्या मोजपट्टीवर किमान चौथी पातळी लागते आणि ती ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावी लागते. सहाव्या पातळीला पुन्हा परीक्षा नसते
- प्रत्येक उड्डाण परीक्षेचा परीक्षकाच्या सहीचा अहवाल
- शाळेकडून अपघात आणि नियमभंग नसल्याचं पत्र. हे शाळा सोडतानाच घ्या. शाळा बंद पडली तर नंतर कुणाकडे मागणार?
- पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र
- शाळेचा करार, सगळ्या पावत्या, कर्जाची कागदपत्रं, बाँडची प्रत

परवाना बदलून घेताना पडताळणीचं पत्र सगळ्यात जास्त रखडतं. ते एका प्राधिकरणाकडून थेट दुसऱ्या प्राधिकरणाकडे जातं, तुमच्या हातात मिळत नाही. माझं पत्र अकरा आठवड्यांनी पोचलं, तोवर मेडिकलची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. परवान्याची परीक्षा सुटली की त्याच आठवड्यात या पत्राचा अर्ज करा. आणि लॉगबुकचं पान भरलं की त्याच संध्याकाळी त्याचा फोटो काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.